जामीनदाराची सही आणि सिबिलची भीती

गेल्या वर्षीची गोष्ट. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज हवं होतं. बँकेतले साहेब स्क्रीनकडं बघत म्हणाले, "सर, तुमचं सिबिल खराब आहे." मागं ओळखीची चार माणसं उभी. जयसिंगपूर केवढं? इथं पत्रकाराला सगळे ओळखतात. फाईल उचलली आणि मान खाली घालून बाहेर पडलो.

वीस वर्षं बातम्या लिहितोय. थकबाकी, जप्ती, कर्जमाफी, सगळ्यावर लिहिलं. पण स्वतःचा रिपोर्ट कधी उघडून बघितला नव्हता. एक हप्ता चुकवलेला नाही, मग सिबिल खराब कसं?

रात्री मोबाईलवर रिपोर्ट काढला. त्यात ट्रॅक्टरचं एक कर्ज. माझं नव्हे, मित्राचं. मी जामीनदार. 2019 च्या महापुरात त्याचा ऊस पाण्याखाली गेला, 2021 ला पुन्हा तेच. हप्ते मागंपुढं झाले. नंतर त्यानं पै न पै फेडली, नो ड्यूजचा दाखलाही घेतला. पण रिपोर्टात बाकी तशीच उभी!

आपल्याकडं जामीन राहणं म्हणजे "एक सही कर की भावा" एवढंच. मित्रांनो, तसं नाही. ते कर्ज तुमच्याही रिपोर्टात दिसतं आणि थकलं तर बँक तुमच्याकडंही वसुलीला येऊ शकते.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. जे कळलं ते सांगतो.

सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्या कुणाचं कर्ज मंजूर करत नाहीत की नाकारत नाहीत, ते बँक ठरवते. या कंपन्यांचं काम किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. बँका, फायनान्सवाले जे कळवतात ते वहीत चढतं आणि त्यावरून 300 ते 900 मध्ये स्कोअर निघतो. तुमचा पगार, ठेवी, शेती किती यावर तो ठरत नाही. म्हणून दहा एकरांचा बागायतदारही कमी स्कोअरचा असू शकतो.

"सारखं बघितलं की सिबिल पडतं" हा मोठा गैरसमज. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघा, काही होत नाही. मात्र एकाच महिन्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकलेत तर फरक पडू शकतो.

"सेटलमेंट केली, विषय संपला" हा दुसरा. तडजोडीत कमी पैसे भरले की रिपोर्टात 'सेटल्ड' लागतं. पूर्ण फेडलेल्याचा 'क्लोज्ड' वेगळा.

ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही, त्याचा इतिहासच नसतो. पण तेवढ्या कारणावरून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. पीककर्जासाठी शेतकऱ्याकडं सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी मे 2025 मध्ये बँकर्स समितीच्या बैठकीत बजावलंय. काउंटरवर हे सांगायला लाजू नका.

चूक असेल तर? 2017 पासून प्रत्येक कंपनीनं वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. ऑनलाईन तक्रारही फुकट. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. "पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि खोटी पुसायला पैसे लागत नाहीत.

मी मित्राचा दाखला जोडून तक्रार केली. महिन्याच्या आत बाकी शून्य झाली. उशिरा गेलेल्या हप्त्यांच्या नोंदी राहिल्या, कारण त्या खऱ्याच होत्या. कर्ज पुढं मंजूर झालं, पण प्रवेशाची तारीख थांबली नाही. पहिली फी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भरली.

मित्राला कळल्यावर तो घरी आला. चहाला हात लावेना. "माझ्यामुळं तुझी मान खाली गेली," म्हणाला. मी म्हटलं, "लेका, पूर काय तू आणलास? सही मी न वाचता केली."

उद्या पुन्हा कुणाला जामीन राहणार का? राहीन. आपल्याकडं शेतकऱ्याचं कर्ज एकमेकांच्या सहीवरच उभं राहतं. फक्त आता कागद वाचीन, हप्त्याची तारीख लिहून ठेवीन आणि दर वर्षी स्वतःचा रिपोर्ट बघीन.

तुम्ही कुणाकुणाला जामीन आहात, आठवतंय का? आज रात्री बघा.