सरदारजींच्या घरचं लग्न

आमंत्रण आलं त्या रात्री जेवणं उरकल्यावर घरात तोच एक विषय होता. जायचं की नाही, हा प्रश्न नव्हताच. सावदा-रावेरची केळी उत्तरेकडे पाठवण्याच्या आमच्या धंद्यात सरदारजींचे ट्रक वर्षानुवर्षं सोबत आहेत, आणि आता त्यांच्या मुलीचं लग्न धुळ्याच्या गुरुद्वाऱ्यात होतं. प्रश्न होता तिथे गेल्यावर काय करायचं हा. गुरुद्वाऱ्यात शिरणारा माणूस गुरु ग्रंथ साहिबसमोर माथा टेकतो. आपला सजदा फक्त अल्लाहला. मग सगळ्यांच्या देखत ताठ उभं राहायचं? यजमानाला काय वाटेल? अम्मी म्हणाल्या, "तुम्ही जा, मी घरीच बरी."

धाकट्याने तोडगा काढला, उशिरा पोहोचू, थेट जेवायला. पण मुलीच्या लग्नाला असं चोरासारखं जाणं कोणालाच पटेना. शेवटी सरळ फोन केला. सरदारजी हसले.

"भाईजान, तुमच्या थोरल्याच्या निकाहला मी काय जेवलो होतो, आठवतंय?"

आठवत होतं. वरण-भात. बिर्याणीला त्यांनी हात लावला नव्हता आणि आम्हाला ते जरा लागलंही होतं. हलाल पद्धतीचं मांस अमृतधारी शिखाला वर्ज्य असतं, हे आम्हाला फार नंतर कळलं.

"मी तुमची बिर्याणी परत केली, तरी तुमचा माल माझ्याच गाडीत भरला गेला. डोकं झाका, चपला बाहेर काढा, खिशात तंबाखू नको. बाकी आरामात बसा. आणि अम्मींना आणाच."

आनंद कारज, म्हणजे त्यांचा विवाहविधी, साधारण दुपारच्या आत होतो. म्हणून फजरनंतर लगेच निघालो, एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोहोचलो. आमच्या टोप्या आणि ओढण्या तिथे आपोआप चालून गेल्या. आत गेल्यावर आम्ही अदबीने क्षणभर थांबलो आणि बाजूला जाऊन सतरंजीवर बसलो. रात्रभर ज्याची धास्ती घेतली होती तो क्षण एवढाच. कोणी वळून पाहिलंही नाही.

वधूच्या हातात वराच्या पल्ल्याचं टोक दिलं. चौथे गुरू रामदास यांच्या चार लावां, म्हणजे चार पदं. एकेक आधी वाचतात, मग रागी तीच गातात आणि जोडपं ग्रंथाभोवती एक फेरा घेतं. आमची नात कुजबुजली, "हिला कबूल आहे का, असं कोणी विचारलंच नाही?" शेजारच्या सरदारनीने ऐकलं. म्हणाली, "बेटा, प्रत्येक लावेला ती माथा टेकते ना, तोच तिचा होकार."

ज्या माथा टेकण्याचं आम्हाला ओझं वाटत होतं, ते त्या मुलीचं 'कबूल' होतं. आपल्याकडे वकील आणि दोन साक्षीदार मुलीला विचारायला जातात, तिचा शब्द हवा असतो. पण तो नीट ऐकू न येताच 'हो म्हणाली' असं सांगत बाहेर येणारे साक्षीदार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मेहर त्यांच्यात नाही. आपल्यात आहे, आणि आपण ती खुशाल उधारीवर ठेवतो. असो.

त्याच सरदारनीने अम्मींना सांगितलं की या ग्रंथात शेख फरीद यांची वाणी आहे. "पाकपट्टनचे बाबा फरीद?" अम्मी सावरून बसल्या. खुलताबादला झियारतीला त्या अनेकदा गेल्या आहेत. तिथले बुऱ्हाणुद्दीन गरीब हे निजामुद्दीन औलियांचे मुरीद, आणि निजामुद्दीन बाबा फरीदांचे. आपल्या नामदेवांची ६१ पदंही त्याच ग्रंथात आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हापासून. अम्मींनी हे घरी येईपर्यंत दोनदा विचारून घेतलं.

कडाह प्रसादाबाबत आमच्यात एकमत नव्हतं. थोरल्याने हात जोडून नको म्हटलं, वाढणारा तसाच पुढे सरकला. लंगर मात्र सगळ्यांनी जेवलं. जमिनीवर पंगत, शाकाहारी जेवण, त्यामुळे हलाल-हरामचा प्रश्नच उरला नाही. ट्रकचा क्लीनर आणि धुळ्याचे बडे व्यापारी एकाच रांगेत होते. आपल्या वलिम्यातली 'खास पाहुण्यांची' वेगळी टेबलं आम्हाला तेव्हा आठवली.

जोहरची वेळ झाली तशी अम्मींची चुळबुळ सुरू झाली. सरदारजींच्या वृद्ध आईने ती ओळखली. बाजूची एक खोली उघडून दिली, धुतलेली चादर अंथरली आणि "पश्चिम इकडे" म्हणून हातानेच दाखवलं. अम्मींची नमाज होईपर्यंत त्या दाराशी पोरांना अडवून उभ्या होत्या.

निघताना सरदारजी गाडीपर्यंत आले. अम्मींनी त्यांच्या हातावर मुलीसाठी लिफाफा ठेवला.

"आता ईदला या. शीरखुर्म्याला तर काही हरकत नाही ना?"

"दोन वाट्या, अम्मी," सरदारजी म्हणाले.