आतले वळण

नदीचे वळण हा पाठ मी आजवर किती वर्गांना शिकवला असेल, त्याचा हिशेब ठेवलेला नाही. फळ्यावर एक नागमोडी रेघ काढायची. बाहेरच्या काठाला पाणी धडकते, काठ खचतो, डोह पडतो. आतल्या काठाला पाणी मंदावते आणि वाळू साचते. एवढे पुस्तकात आहे आणि एवढेच परीक्षेत विचारतात. १९९६ साली मात्र मी त्यात पदरचा एक प्रश्न घातला. तो महाग पडला, पण मला नव्हे.

नववीचा वर्ग होता. भूगोलात एम. ए. होऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. शहाणपण अंगावर नवे कोरे होते. मी विचारले, "समजा राजघाटावर तापीत सोन्याचा कण पडला आणि पूर आला, तर पुढच्या वळणावर तो कुठे सापडेल?" सगळ्यांनी बाहेरचा काठ सांगितला. गोफणीतल्या दगडासारखी जड वस्तू बाहेर फेकली जाणार, हे उघडच होते. मलाही तेच वाटत होते.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, आतल्या अंगाला. वाळू सुरू होते ना, त्या वरच्या टोकाला. खाली, मुरुमाला चिकटून."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबा काढतात."

वर्ग हसला. अशा हसण्यात मास्तरने सामील व्हायचे नसते. मी झालो. वर म्हणालो, "मसणातली राख चाळणाऱ्यानं आता आम्हाला भूगोल शिकवायचा का?" तो खाली बसला. दुसऱ्या आठवड्यापासून पटावर त्याची गैरहजेरी लागू लागली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर नाव कमी झाले. त्याचे घर माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर होते. मी एकदाही डोकावलो नाही.

या लोकांना मराठीत झारेकरी म्हणतात. हिंदीत न्यारिया. न्यारा म्हणजे वेगळा, आणि हा वेगळे करणारा. शब्द मला फार आवडतो. सराफाच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, बैठकीखालची धूळ ते विकत घेतात, धुतात, पाऱ्यात कालवून कण गोळा करतात. सोन्याचांदीची तार ओढून कलाबतू करण्याबद्दल आमचे बुऱ्हाणपूर मोगलाईपासून नावाजलेले, तेव्हा इथे केरालाही किंमत होती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात सोनझरा नावाची जमात आली आहे. बालाघाट, मंडला, चांदा या भागांतल्या नद्यांची वाळू धुऊन ती सोने काढी. त्या नद्यांना सोने डोंगर देतात. आमच्या गावाभोवती सगळा काळा बेसाल्ट. त्यात सोन्याची शीर कुठली असायला? तळाची काळी वाळू दिसली की सोने जवळ आहे, असे इतरत्र समजतात. आमच्याकडे ती जिथे तिथे असते, तिचा काही उपयोग नाही.

आमच्या तापीतले सोने माणसांकडून येते. नाहताना कानातून गळलेले, बोटातून निसटलेले. आणि मुख्य म्हणजे चितेवरचे. मेलेल्याच्या तोंडात तुळशीपत्राबरोबर ठेवलेला मणी राखेबरोबर पाण्यात जातो. त्याचे पुढे काय होते, हे कुणी विचारत नाही.

तो मुलगा बरोबर होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आइन्स्टाइनने १९२६ साली नद्यांच्या वळणांवर एक छोटा लेख लिहिला होता, आणि त्यात उदाहरण घेतले होते चहाच्या पेल्याचे. चहा ढवळल्यावर तळाची पत्ती खरे तर कडेला जायला हवी; ती गोळा होते मध्यभागी. तळाशी घासून पाणी मंदावते, त्याचा बाहेर जाण्याचा जोर कमी पडतो. वरचे वेगवान पाणी कडेला जाते, खाली उतरते आणि तळातळाने आत येते. येताना पत्ती लोटत आणते. नदी वळते तेव्हा हेच घडते. त्यात सोने वाळूच्या सातपट जड, १९.३ ला २.६५. आतल्या अंगाला वेग उतरू लागला की आधी सोने बसते, वाळू मागून. म्हणून वरचे टोक. आणि जड म्हणून ते खडीच्या फटींतून खाली खाली उतरत घट्ट थरावर जाऊन टेकते.

शिक्षकांच्या खोलीत मी काचेच्या पेल्यात पुन्हा पुन्हा चहा ढवळून पाहत होतो. एक सहकारी म्हणाले, "सर, साखर केव्हाच विरघळली."

२०११ च्या मार्गशीर्षात आई गेली. तोंडात ठेवायला तिच्याच गळसरीतला मणी काढला. तिसऱ्या दिवशी घाटावर राख सोडली. खालच्या अंगाला एक जण गुडघाभर पाण्यात परात घेऊन उभा होता, आमच्याकडे पाठ करून. माणसे काठावर असेपर्यंत तो वळला नाही. पण त्याची उभे राहण्याची ढब मी ओळखली. घरच्यांना पुढे पाठवले आणि खाली उतरलो.

"आई का, सर?" तोच आधी बोलला.

"हो. तुझे बाबा?"

"गेले. त्यांना इथंच सोडलं. त्या दिवशी मी परात आणली नव्हती."

मुलांचे विचारले. "एक मुलगी आहे, तिसरीत. तुमच्या शाळेत नाही घातली."

मी खालच्या वळणाकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "आता तिथं फारसं नाही मिळत, ट्रॅक्टरनं वाळू नेली. बाबा म्हणायचे, सोना आलसी होता है, जहाँ पानी ने हाथ छोड़ा वहीं बैठ गया। वाळूच हलवली, तर ते बसणार कुठं?" मग जरा थांबून त्याने विचारले, "मणी ठेवला होता?"

"गळसरीतला."

"मिळाला तर आजच, इथंच. निसटला तर पावसाळ्यात उठेल आणि जाईल पुढं. आगीत आकार जातो, कुणाचा ते मग ओळखू येत नाही." त्याने परात हातात धरली, पण पाण्यात बुडवली नाही. "धुऊ ना, सर?"

मी मान हलवली. तो वाकला. राख, कोळसा, वाळू असे परातीतून गोल फिरत कडेने निघून जाऊ लागले. मी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी वर्गात मी जे बोललो..."

"सर," तो मान वर न करता म्हणाला, "जरा तिकडं सरका. परातीवर सावली पडतेय."