वीस पंधरवडे

उन्हाळ्याच्या दिवसांत सायंकाळी पुण्यातील नदीच्या पुलावर उभे राहिले, म्हणजे एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळते. खाली नदी आहे हे ठाऊक असूनही पाणी म्हणून दृष्टीस पडत नाही. या काठापासून त्या काठापर्यंत जाड, तकतकीत पानांचा हिरवा गालिचा पसरलेला असतो आणि त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलत असतात. परवा माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन उभे होते. "आजोबा, यातलं एक झाड आपण घरी नेऊ या ना!" असा त्या मुलाने हट्ट धरला होता. आजोबा मजकडे वळून म्हणाले, "काहीही म्हणा, फुले मात्र सुंदर असतात हो!"

मी नुसती मान हलविली. जलपर्णीच्या फुलांच्या सौंदर्याविषयी माझे दुमत नाही. त्याच सौंदर्याच्या मोहाने वयाच्या बाराव्या वर्षी माझ्या हातून एक अपराध घडला आहे.

त्या वर्षी वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही आजोळी निघालो. आमच्या घराजवळच्या एका बागेतील हौदात ही वनस्पती होती. माळ्याची मनधरणी करून मी तिचे एक रोप मिळविले आणि डालड्याच्या डब्यात पाणी घालून ते मांडीवर सांभाळीत मोटारीने गावी नेले. आजोळच्या गावाबाहेर पाच एकरांचे एक तळे होते. एका बाजूस महादेवाचे देऊळ, दुसऱ्या बाजूस भोईवाडा. तळ्यातील मासळीचा मक्ता एका म्हाताऱ्या भोयाकडे असे; रोहू, कटला, मरळ यांवर त्याचे सहा माणसांचे घर चाले. डब्यात रोपाचा जीव गुदमरेल या कळवळ्याने मी एका दुपारी ते तळ्यात सोडून दिले आणि रिकामा डबा घेऊन परत आलो. त्या वेळी आपण एक पुण्यकृत्य केले असेच मला वाटले होते.

दिवाळीत पुन्हा गेलो, तेव्हा देवळाजवळच्या कोपऱ्यात एखाद्या मोठ्या ओटीएवढी जागा जलपर्णीने व्यापली होती. गावाला तिचे कोण कौतुक! मामी रोज सकाळी त्या फुलांचे तुरे पूजेला आणी. एके दिवशी तो म्हातारा भोई ओसरीच्या पायरीशी येऊन मामांना म्हणाला, "अण्णा, ह्ये झाड काय बरं न्हाई. जाळ्यात गुततंया. तुम्ही हो म्हणा, दोन गड्यांनी दुपारपातुर काढून टाकतो." मामा गावचे पंच होते. ते हसून म्हणाले, "अरे, देवाच्या दारची फुलं ती. एवढ्या तळ्यात त्यांची काय अडचण?" भोई काही न बोलता परत गेला. मी खांबाआड उभा राहून सारे ऐकत होतो. पण तोंड उघडण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यानंतरची हकीकत मामांच्या पत्रांतून कळली. महाशिवरात्रीला तळे अर्धे झाकले होते. होळीला पाणी दिसेनासे झाले. चैत्रात मासे उलटे होऊन वर येऊ लागले. मरळ तेवढी काही दिवस तगली. कारण ती पाण्यावर तोंड काढून हवा घेते. इतर मासळीला ती सोय नाही. वर पानांचे झाकण बसल्यामुळे उजेड आत शिरत नाही, वारा पाण्याला लागत नाही, आणि खाली कुजणाऱ्या पाल्यात पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी या घटनेचा हिशेब मांडून पाहिला. जलपर्णीला बीजाची वाट पाहावी लागत नाही. तिच्या बुडातून पाण्यावर एक आडवी फांदी निघते आणि तिच्या टोकाला नवे रोप धरते. पोषक पाणी आणि ऊब मिळाली, तर सुमारे पंधरवड्यात एकाची दोन रोपे होतात. थंडीत ही गती मंदावते, उन्हापावसात वाढते. पण सरासरीने पंधरवडा धरून चालू. वैशाखी पौर्णिमेपासून होळीपर्यंत दहा महिने, म्हणजे वीस पंधरवडे होतात. एकाला वीस वेळा दुप्पट करा. उत्तर १०,४८,५७६ येते. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. परंतु त्या गोष्टीतला राजा आपणच आहोत हे सहसा ध्यानात येत नाही.

या हिशेबातला खरा विलक्षण भाग निराळाच आहे. होळीला तळे भरले, तर आदल्या पंधरवड्यास, म्हणजे महाशिवरात्रीला, ते अर्धेच भरलेले असणार. आणि दिवाळीत? वीसांपैकी अकरा पंधरवडे उलटून गेले होते, निम्म्याहून अधिक काळ संपला होता, आणि तळ्याचा केवळ पाचशे बारावा हिस्सा व्यापला गेला होता. डोळ्यांनी पाहणाऱ्या मामांना ती ओटीभर फुले दिसली. रोज जाळे ओढणाऱ्या भोयाच्या हातांना पुढचे सारे कळले. गणित त्यालाही येत नव्हते आणि मामांनाही नव्हते. पण पोट त्याचे तळ्यावर होते.

असे वाढण्याची शक्ती एकट्या जलपर्णीत आहे असे मात्र नव्हे. ती प्रत्येक जीवात आहे. माल्थसने १७९८ साली माणसांच्या संख्येविषयी जो निबंध लिहिला, तो डार्विनने १८३८ मध्ये वाचला आणि त्यातून त्याच्या विचाराला दिशा मिळाली. हत्ती हा अत्यंत सावकाश वाढणारा प्राणी. पण त्याच्याही एका जोडप्याची संतती सातशे चाळीस ते सातशे पन्नास वर्षांत सुमारे एक कोटी नव्वद लाख होईल, असा हिशेब डार्विनने मांडला. मूळचा आकडा त्याला पुढे दुरुस्त करावा लागला होता. या आकडेमोडीत मोठमोठ्यांचीही नजर फसते, यात मला थोडे समाधान वाटते. त्याच १८३८ साली बेल्जममधील फेरहुल्स्ट या गणितज्ञाने दाखविले, की कोणतीही संख्या प्रारंभी झपाट्याने वाढते, पण जागा आणि अन्न कमी पडू लागले म्हणजे तिचा वेग मंदावतो आणि अखेरीस ती एका मर्यादेशी स्थिरावते. आमच्या तळ्यातील जलपर्णीही स्थिरावली. पण ती मर्यादा तळ्याचा काठ ही होती, आणि तेथे पोहोचेपर्यंत इतरांसाठी तळे उरले नव्हते.

तिच्या मायदेशी, दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यात, तिला काठापर्यंत जाण्याची सहसा मुभा मिळत नाही. तेथे तिची पाने कुरतडणारे आणि देठ पोखरणारे किडे आहेत. नद्यांचे पूर तिला वाहून नेतात. फुलांच्या हौसेने माणसांनी तिला देशोदेशी नेले, तेव्हा फूल तेवढे नेले. त्याचे वैरी मागे ठेवले. बंगालमध्ये खाड्या व भातशेते तिने इतकी व्यापली, की १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. कायद्याने वनस्पती थांबत नाही. पुढे १९८२ मध्ये तिच्या मूळ वैऱ्यांपैकी दोन जातींचे भुंगे बंगळूरला आणण्यात आले आणि कसून परीक्षा केल्यावर तलावांत सोडण्यात आले. काही ठिकाणी त्यांनी चांगले काम केले. पण जेथे शहराचे सांडपाणी तिला अखंड खुराक पुरवीत राहते, तेथे भुंगे तरी काय करणार? पुलावरून दिसणारा तो गालिचा आपल्याच मोऱ्यांतून पोसला गेला आहे.

आमच्या गावाने दोन उन्हाळे खपून, बैलगाड्या लावून ते तळे साफ केले. दर पावसाळ्यात गाळातील बी पुन्हा उगवे. ते पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते. तोवर भोयाचा मक्ता बुडाला होता. एका वर्षी त्याचे कुटुंब सामान डोक्यावर घेऊन शहराकडे निघून गेले.

मामांच्या अखेरच्या आजारात मी त्यांच्यापाशी बसलो असता न राहवून सारे बोलून टाकले. ते क्षीण हसले. "मला ठाऊक होतं रे. रिकामा डबा घेऊन तळ्यावरून येताना मीच पाहिलं होतं तुला."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

बराच वेळ ते आढ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझं एक रोप होतं, बाळ. दिवाळीत दोन गड्यांचं काम होतं, आणि नको म्हणणारा मी होतो. कोणत्या तोंडानं बोलू तुला?"

परवा पुलावर उभे राहून मी त्या आजोबांना व नातवाला ही सारी हकीकत सांगितली. आजोबा गंभीर झाले. मुलाने बोटांवर दुप्पट करून पाहिली. दहाव्या वेळी बोटे संपली आणि त्याने हट्ट सोडला. जाताना मात्र तो मागे वळला आणि त्याने विचारले,

"मग ते भोई कुठे राहतात आता?"

त्याला द्यावयास मजपाशी उत्तर नव्हते.