आधी मांडी घाला

दारू सोडायची म्हणून दौंडच्या माझ्या दवाखान्यात कुणी आलं की मी त्याला कॉटवर मांडी घालून बसायला सांगतो. सोबत आलेली बायको किंवा भाऊ चमकून बघतात. किती पितो, कधीपासून पितो, सकाळी हात थरथरतात का, अशा प्रश्नांची तयारी करून ते आलेले असतात. ते प्रश्नही मी विचारतोच, पण नंतर. चाळिशीतल्या काटक गड्याला मांडी जमली नाही, उकिडवं बसताना जांघेत कळ येऊन तो एका अंगावर कलला, तर खुब्याच्या हाडाचा गोळा रक्त न मिळाल्याने मरू लागला असल्याची शंका घ्यावी लागते. वर्षानुवर्षांची भरपूर दारू हे त्याचं एक मोठं कारण. दुसरं कारण स्टेरॉइड. अंगदुखीवरची म्हणून जी बिनलेबलची पुडी मिळते तिच्यात बऱ्याचदा तेच असतं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआय केला तरच कळतं. त्यात दुखणं जांघेतून गुडघ्यात उतरतं. मग गुडघ्याला तेल चोळण्यात आणि ‘नस दबली’ म्हणून कंबरेला पट्टा आवळण्यात वर्ष निघून जातं, आणि तेवढ्यात नव्वदची क्वार्टर होते.

मी मनोविकारतज्ज्ञ. सांधे आणि मणके हे माझं खातं नव्हे. पण दौंड हे अंगमेहनतीवर जगणारं गाव आहे. जंक्शन असल्यामुळे मालधक्का आहे, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगा आहेत. भीमेच्या काठाने ऊस आहे, साखर कारखाने आहेत, राहू-केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. चुलवाणापुढे जळण घालणारा माणूस पुढून भाजतो आणि पाठीतून मोडतो. याच पट्ट्यातला काळा गूळ अधूनमधून हातभट्टीवाल्याकडे सापडतो. म्हणजे गूळ करताना मोडलेली पाठ त्याच गुळाच्या दारूने शेकायची. कुरकुंभच्या आणि पलीकडे शिरूरच्या बाजूला रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी पोरं पाळीवर उभी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या एका कारखान्यात पुणे पोलिसांना शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, सापडलं, तेव्हापासून लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक जण मला ‘एमडी’बद्दल विचारतो. ते महत्त्वाचं आहेच. पण माझ्या बाकावर बसलेल्यांपैकी बहुतेकांचं व्यसन देशीच्या दुकानातून किंवा मेडिकलमधून आलेलं असतं.

हंगामात येणाऱ्या ऊसतोड्याचंच बघा. बीड-पाथर्डीकडून टोळी येते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत अंग त्याचं. पहाटे अंधारात फडात शिरायचं, दिवसभर वाकून कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री कितीही वाजता आली तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. असा एक जण मला म्हणाला, “सायेब, मी चढण्यासाठी पीत न्हाई. पिऊन पडलं तर सकाळी कोयता धरता येतो, न्हाई तर मूठच वळत न्हाई.” त्याची बायको शेजारीच होती. तिने मान हलवली, ती तक्रारीने नव्हे. नवरा खरं बोलतोय एवढंच तिला सांगायचं होतं.

दारूने दुखणं उतरतं, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. २०१७ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी या विषयावरच्या अठरा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या घरात गेलं, म्हणजे साधारण तीन-चार पेग पोटात गेले, की दुखण्याची तीव्रता चांगलीच खाली येते असं त्यांना दिसलं. वाईट हेच की औषध लागू पडतं. रोज बाहेरून गुंगी मिळू लागली की मेंदू आतली उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू उतरली की गुंगी जाते, वाढवलेली उत्तेजना मात्र जागेवर राहते. मग कालची कंबर आज दुप्पट ठणकते, अंगावरची चादरसुद्धा टोचते. अफूच्या कुळातल्या औषधांचं तर हे फार जुनं निरीक्षण आहे. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने १८७० मध्येच लिहून ठेवलं होतं की मॉर्फिनच्या सुया दुखणं शमवण्याऐवजी वाढवत असाव्यात. आता त्याची परीक्षा बर्फाच्या पाण्याने घेतात. हात बुडवायचा आणि सोसेल तितका वेळ ठेवायचा. अफूच्या कुळातलं व्यसन सोडवण्यासाठी मेथाडोन चालू असलेले रुग्ण इतरांच्या मानाने फार लवकर हात बाहेर काढतात. त्यांना आपण ‘नाजूक’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यांची सोसण्याची यंत्रणाच औषधाने झिजलेली असते.

शिवाय दारू नवी दुखणीही जन्माला घालते. स्वादुपिंडाला सूज येते. पायाच्या नसा जळतात: रात्री तळवे आगीत धरल्यासारखे वाटतात, आणि दिवसा चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. म्हणून मी विचारतो, “दादा, चप्पल हरवते का?” रुग्ण हसतात, मग एकदम गप्प होतात.

खरी कसोटी पुढे असते. पहिल्या चार-पाच दिवसांची थरथर, घाम, भास हे सगळं औषधांनी निभावता येतं. माणूस जेवू लागतो, घरचे पेढे घेऊन येतात. आणि मग, दारूने इतके दिवस झाकलेली कंबर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उघडी पडते. झोप येत नाही. ‘डॉक्टर, दारू सुटली पण मी सुटलो नाही’ असं सांगायला तो येतो, किंवा येतच नाही आणि परस्पर स्लिप होतो. घरच्यांचा शब्द ठरलेला: निमित्त. मी त्यांच्याशी भांडत नाही, कारण कधी कधी ते निमित्त असतंही. पण निमित्त आहे म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. एकाच माणसात दोन्ही सुखाने नांदतात. न्यूयॉर्कमध्ये २००३ साली व्यसनावर उपचार घेणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा मेथाडोन केंद्रांतल्या ३७ टक्के आणि दाखल करून घेतलेल्यांपैकी २४ टक्के रुग्णांना तीव्र, जुनाट दुखणं होतं. आपल्याकडे हा प्रश्न केस पेपरवर छापलेलाच नसतो.

छापला तरी त्याचं उत्तर मानणार कोण, हा पुढचा प्रश्न. अपघात विभागात तोंडाला वास येणाऱ्या माणसाचं दुखणं शेवटी बघतात. ‘गोळ्यांसाठी नाटक करतोय’ हे वाक्य मी सहकाऱ्यांच्या तोंडून नको तितक्या वेळा ऐकलंय. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपेत एक साधी गोष्ट घातली: दुखतंय असं माणूस सांगत असेल तर त्याचा मान राखावा. दारुड्यांचा अपवाद तिथे केलेला नाही.

व्यसनमुक्तीवाल्यांची चूक नेमकी उलटी आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, ते गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, लाटेत. नशा तुटल्यावर ‘टर्की’ काढणाऱ्या पोरांची हाडं मोडल्यासारखी दुखतात, हे त्या पिढीने जवळून पाहिलं आणि प्रेमाने निभावलं. पण पुढे गल्लोगल्ली निघालेल्या कितीतरी केंद्रांनी त्यातला फक्त कडकपणा उचलला: कुठलीच गोळी नाही, सोसा. मला हा हट्ट मान्य नाही. दुखणाऱ्या माणसाला उपचार नाकारणं म्हणजे त्याला जुन्या दुकानाचा पत्ता देणं.

बायकांचं व्यसन मात्र कुणी व्यसन म्हणून मोजतच नाही. दाढ दुखते म्हणून सासूने मिश्री दिलेली असते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड पुढे सकाळी लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. हिरड्या सुटतात, दात हलतात, अजून दुखतं, अजून लावतात. दुसरी डोकेदुखीची गोळी. साधी वेदनाशामक महिन्यातून पंधरा दिवस, किंवा मिश्र गोळी दहा दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. हे मेडिकलवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, “डॉक्टर, मावशी रोजच्या गिऱ्हाईक आहेत.” अफूच्या कुळातलं ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तेव्हापासून ते काउंटरवर सहज मिळत नाही, एवढं बरं झालं.

मग मी देतो काय? दारूने यकृत दमलेलं असलं तर पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. पोटात जखमा करणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शक्यतो टाळतो. नसांच्या जळजळीला ‘बी-१’, आणि दारू सुटलेली व यकृत ठीक असेल तरच ड्युलॉक्सेटीनसारखी औषधं. प्रीगॅबालिन हात राखून, कारण त्याचीही चटक लागते. दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनवर असलेल्यांना खिशात चिठ्ठी ठेवायला सांगतो, कारण उद्या अपघात झाला तर मॉर्फिन-ट्रॅमाडॉल त्यांना नेहमीसारखं लागू पडणार नाही, आणि ठरलेल्या ऑपरेशनआधी गोळी तीन दिवस थांबवावी लागते. खुबा गेला असेल तर पुण्याला पाठवतो, आणि ऑपरेशन करणाऱ्यांना स्वतः फोन करतो. चिठ्ठीवर ‘अल्कोहोलिक’ एवढंच लिहून पाठवलेल्या माणसाचा नंबर मागे पडत जातो.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हिशेबाने काम करणं: थोडा वेळ काम, दुखणं वाढायच्या आत विसावा, व्यायाम, पुन्हा काम. फिजिओथेरपिस्ट हे छान समजावते, तोडणीवालाही मन लावून ऐकतो. मग विचारतो, “आन् खाडा कोण भरणार?” याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नाही. मूठ वळत नाही म्हणणाऱ्या मघाच्या त्या गड्यासाठी मी मुकादमाशी बोललो. मुकादम माणूस वाईट नव्हता. त्याने गड्याला मोळी वाहण्यातून सोडवलं आणि नुसत्या तोडणीवर ठेवलं. गड्याची दारू सुटली, अजून सुटलेली आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि हिशेब जोडीचा. त्यामुळे त्याच्या वाटच्या मोळ्या आता बायको वाहते. तिची मान धरली आहे, उजव्या हाताला मुंग्या येतात. तिचा वेगळा केस पेपर काढलाय. मिश्री किती वेळा लावता, हे तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आधी दोनदा लावत होते, आता मोजत नाही.