वेरूळ-अजिंठ्याची सहल : जीप करावी की रेल्वेने जावे?

सहलीला कोठे जायचे हे घरात लवकर ठरते. कशाने जायचे यावर मात्र दोन-दोन रात्री चर्चा चालते. आमच्या घरी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असेच झाले. सोयाबीन विकून चार पैसे हाती आले होते. वेरूळ आणि अजिंठा पाहायचे यावर सर्वांचे एकमत होते. पण गावातून जीप ठरवायची की हिंगोलीहून रेल्वेने जायचे, यावर घरात सरळ दोन पक्ष पडले.

आमचे गाव सेनगाव तालुक्यात. निघणारी माणसे नऊ : सत्याहत्तर वर्षांची आई, आम्ही दोघे, धाकटा भाऊ व त्याची पत्नी, आणि तीन ते तेरा वर्षांची चार मुले. भाऊ जीपच्या बाजूचा. "दारातून बसायचे, दारात उतरायचे. सामान उचलायला नको, गाडी चुकायची भीती नको," हे त्याचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. हिंगोली, औंढा, जिंतूर, मंठा, जालना या रस्त्याने छत्रपती संभाजीनगर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघाले तर दुपारी पोहोचता येते.

आई रेल्वेच्या बाजूची. तिचे म्हणणे एका वाक्याचे होते : "रेल्वेत तिकीट असले की कोणी ऊठ म्हणत नाही." मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण हे वाक्य कोठून येते हे आम्हाला ठाऊक आहे, आणि वाचकांनाही ठाऊक असेल.

१९०१ साली बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनापर्यंत रेल्वेचा प्रवास मजेत झाला. अंगावर नवे कपडे, खिशात पैसे. वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्याने न्यायला कोणी आले नव्हते. जात सांगताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला आणि एकही गाडीवान यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल करून, बैलगाडी मुलांनीच हाकायची या अटीवर सौदा झाला. पुढच्या वाटेवर प्यायला पाणीही मिळाले नाही. १९२९ साली चाळीसगावला पुन्हा तेच झाले. तोवर बाबासाहेब परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला वस्तीतलाच माणूस हाकायला बसला. मोरीवर टांगा उलटला, घोडा व टांगा नदीत पडले आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. या हकिगती त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात स्वतः नोंदविल्या आहेत.

म्हणजे वाहन निवडणे ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात निवड नव्हतीच. जो नेईल त्याच्या मागे जायचे. आज जीप की रेल्वे असा वाद आपण घरात बसून घालू शकतो, ही गोष्ट लहान नाही. म्हणूनच तो वाद नीट, हिशेब मांडून घालावा आणि त्यात घरातल्या प्रत्येकाचे ऐकावे असे आम्ही ठरविले.

प्रथम जीपचा हिशेब. गाडी चार दिवसांसाठी लागणार. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची रीत आहे, म्हणजे चार दिवसांचे १,२०० किलोमीटर. आम्ही कागदावर प्रत्यक्ष अंतर मांडले. जाणे-येणे सुमारे ४५०, वेरूळ जाऊन-येऊन ६०, अजिंठा जाऊन-येऊन २००. सर्व मिळून ७१०. म्हणजे न फिरलेल्या जवळजवळ ५०० किलोमीटरचे पैसे द्यायचे. शिवाय चालकाचा भत्ता, मुक्काम, टोल, पार्किंग वेगळे. दुसरी अडचण जागेची. सात आसनांच्या गाडीत चालक धरून दहा जण कोंबणे म्हणजे जिवाशी खेळ. मोठी क्रूझर केली तर भाडे वाढते. गावातल्या ओळखीच्याने पांढऱ्या पाटीची घरची गाडी स्वस्तात देऊ केली. पण खासगी गाडी भाड्याने चालविणे नियमात बसत नाही आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्यावी, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता रेल्वे. पूर्णा-हिंगोली-अकोला मार्ग पूर्वी मीटरगेज होता. २००८ पर्यंत तो रुंद झाला आणि हिंगोली मोठ्या गाड्यांच्या जाळ्यात आली. मार्च २०२४ मध्ये मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे पूर्णा किंवा परभणीला न बदलता परभणी, जालना करीत थेट संभाजीनगरला उतरता येते. बसण्याची जागा आरक्षित असते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. मात्र ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, म्हणून आईचे तिकीट पूर्ण धरावे लागले. गाडी हिंगोलीहून पहाटे सुटते आणि परतताना रात्री फार उशिरा पोहोचते. आमच्या गावाहून स्टेशन तासाभराच्या वाटेवर. मध्यरात्री झोपलेली मुले घेऊन गाव गाठायचे कसे, हा भावाचा प्रश्न रास्त होता.

येथपर्यंत चर्चा पुरुषांची चालली होती. मग आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "जिंतूरच्या रस्त्यावर बायांनी लघवीला कोठे जायचे?" सर्व गप्प झाले. रेल्वेच्या डब्यात संडास असतो. रस्त्यावर चांगला ढाबा लागेपर्यंत बाया पाणीच पीत नाहीत, हे आपण घराघरांत पाहतो. शिवाय सात वर्षांच्या मुलीला गाडी लागते. जाताना रेल्वेच, असे तेथेच ठरले.

परतीसाठी तिसरा मार्ग भावाच्या पत्नीने सुचविला : एस. टी. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस. टी. प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट. आमच्या नऊ माणसांत आईचे शून्य आणि बायकांचे अर्धे. सकाळी बसले की दिवसाउजेडी हिंगोली.

राहिली लेण्यांचे दोन दिवस. तेथे मात्र आम्ही भावाचे ऐकले आणि संभाजीनगरहून दोन दिवसांपुरती मोठी गाडी ठरविली. कारण लेणी घड्याळाकडे पाहत बघता येत नाहीत. म्हातारे माणूस बसेल तेथे बसू द्यावे लागते आणि खाली गाडी थांबलेली असली की मनाला घाई नसते.

वेरूळला ३४ लेणी आहेत. त्यांतील १ ते १२ बौद्ध लेणी एका टोकाला ओळीने आहेत. बहुतेक लोक कैलास पाहून परततात. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, स्तूपापुढे धम्मोपदेश देणारे बुद्ध बसलेले आहेत. वरची कमान दगडाची, पण लाकडी तुळया घातल्यासारखी कोरलेली. आई तेथे तासभर बसली. जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. १९३४ साली बाबासाहेब व त्यांचे सहकारी वेरूळची लेणी पाहायला बसने निघाले असता येथे उतरले. दाराजवळच्या टाक्यावर हातपाय धुतले म्हणून लोक धावून आले आणि किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही असा पहारा सोबत देण्यात आला. हे आम्ही मुलांना तेथेच, किल्ल्याच्या दाराशी सांगितले. थोरल्याने विचारले, "मग त्यांनी किल्ला पाहिला?" आम्ही म्हणालो, "पाहिला." नंतर त्याने आपली पाण्याची बाटली आजीपुढे धरली.

अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती ठेवून पुढचे चार किलोमीटर तेथल्या बसने जावे लागते. पुढे पायऱ्या. डोलीवाले उभे असतात. आम्ही आईसाठी डोली विचारली. ती म्हणाली, "माणसाच्या खांद्यावर बसून बुद्धाला भेटायला जायचे नाही." ती चालली. बसत, उठत, सुनांचा हात धरीत सव्वीसाव्या लेण्यापर्यंत गेली. तेथे महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. खालच्या बाजूला रडणारे शिष्य कोरले आहेत. एरवी घाईने पुढे पळणारी मुलेही तेथे थांबली.

वाचकांच्या सोयीसाठी चार गोष्टी. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा दिवस त्याप्रमाणे ठरवावेत. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते. सुट्टीच्या दिवसांत लवकर करावे आणि वेळापत्रक निघण्यापूर्वी पुन्हा पाहावे. भाड्याची गाडी ठरविताना किमान किलोमीटर, टोल व चालकाचा भत्ता हे तोंडी न ठेवता लिहून घ्यावे. एस. टी.साठी ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

माणसे चार-पाच असतील आणि गाव स्टेशनापासून फार दूर असेल, तर जीपही परवडेल. माणसे जास्त, म्हातारे-लेकरे सोबत, तर लांबचा टप्पा रेल्वेने किंवा एस. टी.ने आणि जवळचा भाड्याच्या गाडीने, हा आमचा अनुभव. पण कोणताही हिशेब करताना तो घरातल्या बायांना आणि म्हाताऱ्यांना विचारून करावा. ज्यांना शेवटी विचारले जाते, प्रवासाचा त्रास सर्वांत आधी त्यांनाच होतो.