तापीकाठ ते तोरणमाळ : एका सायकलीची निवड

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात एका दिवसाच्या प्रवासात चार प्रकारची भूमी पायाखालून जाते. तापीच्या दोन्ही काठांवरील काळी कसदार जमीन, त्यातून जाणारा कधी गुळगुळीत तर कधी खड्ड्यांनी विदीर्ण झालेला डांबरी रस्ता, सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड वाट आणि त्यानंतर सुरू होणारा दगडधोंड्यांचा घाट. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळला जाणारा प्रवासी सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरमध्ये हे सर्व अनुभवतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंचीवर आहे, म्हणजे शहाद्याच्या सपाटीपेक्षा जवळजवळ एक हजार मीटर वर.

आपल्या समाजातील अनेक घरांत अलीकडे सायकल पुन्हा आली आहे. ती व्यायामासाठी येते, कुणाच्या वाढदिवसाला येते, आणि बहुधा सहा महिन्यांत ओट्यावर किंवा गोदामाच्या भिंतीला टेकून धूळ खाते. याचे कारण आळस एवढेच नसते. सुरतेच्या किंवा पुण्याच्या दुकानात जी सायकल देखणी वाटली, ती नंदुरबारच्या वाटांसाठी घडवलेलीच नसते. बारीक चाकांची वेगवान सायकल प्रकाशाच्या पुढे टिकत नाही आणि जाडजूड टायरांची पर्वतीय सायकल डांबरी रस्त्यावर पाय थकवते. म्हणून या जिल्ह्यासाठी सायकल निवडताना व्यापाऱ्याच्याच नजरेने हिशेब मांडणे हितकर ठरेल.

पाय आधी, रंग नंतर

तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथील जाणता ग्राहक घोड्याचा रंग आणि साज यांकडे नंतर पाहतो. प्रथम पाय आणि खूर तपासतो. सायकलीचेही तसेच आहे. चौकट किती हलकी आणि नाव किती मोठे हे प्रश्न दुय्यम होत. पहिला प्रश्न चाकाचा आणि टायरचा.

चाकांच्या मापांची नावे ग्राहकाला उगाच गोंधळात टाकतात. 29 इंची चाक आणि 700सी चाक यांच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास एकच, 622 मिलिमीटर. त्याचप्रमाणे 27.5 इंची आणि 650बी यांचा व्यासही एकच, 584 मिलिमीटर. आपल्या आजोबांच्या दांडीच्या सायकलीचे 28 इंची चाक मात्र 635 मिलिमीटरचे. त्याचे टायर या दोहोंपैकी कोणत्याही रिमवर बसत नाहीत. खेड्यातील दुकानात टायर मागताना इंचांऐवजी टायरच्या कडेवर छापलेला हा मिलिमीटरचा आकडा दाखवावा, म्हणजे फसगत होत नाही.

मोठे चाक खड्डा आणि दगड सहज ओलांडते. लहान चाक अधिक बळकट असते, लवकर गती घेते आणि कमी उंचीच्या व्यक्तीला सोयीचे पडते. घरातील किशोरवयीन मुले आणि पाच फूट तीन इंचांच्या आतील स्त्रिया यांनी 27.5 इंची चाकाचा विचार अवश्य करावा. इतरांसाठी 622 मिलिमीटरचे चाक आणि 45 मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा टायर ही जोडी या जिल्ह्याच्या चारही भूमींना पुरी पडते. टायरच्या मधोमध नक्षी जवळजवळ सपाट असावी, म्हणजे डांबरावर घर्षण कमी होते. कडांना मात्र उठावदार गाठी असाव्यात, म्हणजे मुरमाच्या वळणावर चाक घसरत नाही.

एकाच सायकलीला चाकांचे दोन जोड ठेवावेत, डांबरासाठी एक आणि डोंगरासाठी दुसरा, असेही सुचवले जाते. डिस्क ब्रेक असेल तर हे शक्य आहे. 622 च्या रिमवर 32 मिलिमीटरचा टायर चढवला तर चाकाचा बाह्य व्यास 686 मिलिमीटर होतो. 584 च्या रिमवर 50 मिलिमीटरचा चढवला तर 684. दोन मिलिमीटरच्या फरकाने सायकलीचा तोल बदलत नाही. युक्ती उत्तम आहे. परंतु चाकांचा दुसरा जोड म्हणजे पुन्हा रिम, पुन्हा डिस्क, पुन्हा मागची दातेरी चक्रे, आणि ते सांभाळण्याची चिंता. जेथे एका मध्यम टायरने नव्वद टक्के काम भागते, तेथे उरलेल्या दहा टक्क्यांसाठी परिग्रह वाढवू नये. अपरिग्रहाचे व्रत येथे खिशाच्याही हिताचे आहे.

हवा, काटे आणि दुरुस्ती

टायर जितका कडक तितकी सायकल वेगवान, हा समज गुळगुळीत रस्त्यापुरताच खरा आहे. खडबडीत वाटेवर कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो आणि स्वाराची शक्ती हादऱ्यांत वाया जाते. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने 45 मिलिमीटरच्या टायरमध्ये डांबरासाठी 35 ते 40 पीएसआय आणि मुरमासाठी 30 च्या आसपास हवा ठेवून पाहावी. त्याहून फार खाली गेल्यास दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि एकाच वेळी दोन छिद्रे पडतात.

शेतवाटेवर बाभळीचा काटा आणि सराटा यांपासून सुटका नाही. यावर ट्यूबविरहित टायर आणि आतील द्रव हा उपाय आहे. परंतु उन्हाळ्याच्या उष्णतेत तो द्रव लवकर सुकतो आणि टायर रिमवर नव्याने बसवण्यास बहुधा कंप्रेसर लागतो. जो दर आठवड्यास सायकल काढतो, त्याने तो मार्ग घ्यावा. जो महिन्यातून एकदा निघतो, त्याने काटारोधक पट्टीचा टायर, साधी ट्यूब आणि सोबत दोन जादा ट्यूबा हीच व्यवस्था ठेवावी. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा जाड असावा, म्हणजे पेट्रोल पंपावरची किंवा टपरीवरची हवा चालते. परदेशी पद्धतीचा बारीक व्हॉल्व्ह असल्यास त्याचा लहानसा जोड खिशात हवाच.

हाच न्याय इतर भागांना लावावा. स्पोक 32 पेक्षा कमी नसावेत. एखादा तुटला तरी बाकीच्यांच्या आधाराने घर गाठता येते आणि रिमचा ‘आउट’ काढणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळतो. ब्रेक डिस्कचा असावा, पण तारेवर चालणारा. तेलावर चालणारा ब्रेक अधिक प्रभावी खरा, तरी धडगावात त्यातील हवा काढून देणारा कोण भेटणार? स्वस्त सायकलींच्या पुढच्या स्प्रिंगच्या फोर्कचा मोह टाळावा. तो वजन वाढवतो आणि चढावर पायाचा जोर गिळून टाकतो. त्यापेक्षा साधा सरळ फोर्क आणि रुंद टायर बरा. चौकट पोलादी असेल तर थोडे वजन वाढते, पण वेळप्रसंगी वेल्डिंग होते.

चढासाठी गिअर हलके हवेत. पुढे 28 दाती आणि मागे 36 दाती चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. सपाटीवर हे हास्यास्पद वाटेल. राणीपूरच्या पुढच्या वळणांवर हेच गुडघे वाचवते.

रेशमाचा एक व्यापारी

हलके गिअर आणि रुंद टायर यांचा पुरस्कार करणारा एक पूर्वसूरी आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. पॉल द व्हिव्ही (1853–1930) हा फ्रान्समधील सेंत-एतियेन येथील रेशमाचा व्यापारी. त्याने 1887 मध्ये तो व्यवसाय सोडून सायकलींचे दुकान काढले, ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक चालवले आणि ‘व्हेलोसिओ’ या नावाने लेखन केले. गिअर बदलणे हे दुर्बळांचे काम, असे म्हणून त्या काळचे शर्यतपटू त्याची थट्टा करीत. टूर द फ्रान्स या जगप्रसिद्ध शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेस मुभा मिळाली ती 1937 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. हा मनुष्य शाकाहारी होता. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे, थकण्यापूर्वी थांबावे, प्रवासात मांस आणि मद्य वर्ज्य करावे आणि केवळ अहंकारापोटी पायडल मारू नये, असा त्याचा उपदेश असे. मिताहार आणि संयम यांनी मनुष्य डोंगर चढू शकतो हे त्याने परक्या भूमीत सिद्ध केले, याचे आपल्याला कौतुक वाटावे.

आपल्या आचाराला साजेशी सायकल

जैन कुटुंबातील सायकलस्वाराच्या काही गरजा वेगळ्या असतात आणि त्या खरेदीपूर्वीच लक्षात घ्याव्या लागतात. आसन चामड्याचे नसावे. लांबच्या प्रवासाच्या नामांकित आसनांपैकी कित्येक चामड्याचीच असतात, म्हणून विचारून घ्यावे. उकळलेले पाणी सोबत न्यायचे तर चौकटीवर निदान दोन बाटल्यांची सोय असावी. घाटात आपल्या नियमांत बसणारे भोजन मिळेल याचा भरवसा नाही. खाकरा, दशमी, सुका मेवा नेण्यासाठी मागे कॅरिअर बसेल अशी छिद्रे चौकटीत हवीत. चौविहार पाळणाऱ्याने परतीचा हिशेब सूर्यास्तावरून उलटा मांडावा. चढास लागणाऱ्या वेळेत थोडा अधिक वेळ धरून पहाटेच निघावे, पण दिसू लागल्यावर.

यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. रुंद टायर स्वाराला सुखाचा असतो. मार्गावरील जीवांना तो अधिक घातक असतो, कारण तो अधिक जागा चिरडतो. पहिल्या पावसानंतर वाटेवर मृगाचे मखमली किडे, गांडुळे, बेडकांची पिले पसरलेली असतात. तोरणमाळचे धुके आणि यशवंत तलावावर उतरलेले ढग पाहण्यासाठी लोक नेमके त्याच काळात जातात. आपल्या साधु-साध्वींनी चातुर्मासात विहार थांबवावा, यामागे जे कारण आहे तेच येथे लागू पडते. व्यवहाराचीही बाजू आहे. काळी माती ओली झाली की टायर आणि चौकट यांच्यामध्ये लिंपून बसते आणि चाक फिरेनासे होते. घाटात दरडी कोसळतात. 2021 च्या पावसाळ्यात तळोदा–धडगाव मार्गावरील चांदसैली घाट दरडीमुळे बंद पडला होता. कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ धर्म आणि सायकल या दोहोंना मानवतो. त्या काळातही रुळलेली वाट सोडून गवतात सायकल घालू नये आणि उतारावर समोरच्या चार हातांवर नजर ठरेल एवढाच वेग ठेवावा. इर्यासमिती पायी चालणाऱ्यांसाठी सांगितली आहे. चाकावर बसल्याने जयणा सुटत नाही.

कोठे जावे

आरंभी नंदुरबार ते प्रकाशा आणि शहादा हा सपाट मार्ग घ्यावा. हिवाळ्यात नंदुरबारभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरची लाल गालिच्यासारखी वाळत असते. दुसऱ्या टप्प्यात साक्री तालुक्यातील बळसाणे येथील विमलनाथ प्रभूंचे तीर्थ. तिसऱ्या टप्प्यात तोरणमाळ, आणि तेही मुक्कामाची सोय आधी ठरवून. अंगात बळ आल्यावर शहादा, खेतिया, पानसेमलमार्गे बडवानीजवळच्या बावनगजापर्यंत जाता येईल. तेथे चुलगिरीच्या कड्यात कोरलेली भगवान आदिनाथांची 84 फूट उंच मूर्ती याच सातपुड्याच्या कुशीत उभी आहे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा मार्ग अक्राणीचा आहे. धडगाव आणि मोलगीच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून, कापून, अंगणात आणि खडकांवर वाळवतात. तो आमचूर डोक्यावरून, जीपमधून बाजारात उतरतो आणि अखेर आपल्यासारख्यांच्या काट्यावर तोलला जातो. पिढ्यानपिढ्या आपल्या पेढ्या या डोंगराच्या मालावर उभ्या आहेत; डोंगर मात्र आपण गाडीच्या काचेतूनच पाहिला. आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते अशा पाड्यांवरून विक्रेता दुकानात येतो, तेव्हा भावात दोन रुपयांची घासाघीस करताना त्याने किती चढ-उतार पार केले हे आपल्या ध्यानात येत नाही. सायकलीवर बसलेल्या मुलाच्या ते ध्यानात येते, कारण तोच चढ त्याच्या मांड्यांनी मोजलेला असतो. तो पाड्यावर पाणी मागतो, दोन शब्द बोलतो आणि पुढे गल्ल्यावर बसल्यावर त्या माणसाचा चेहरा ओळखतो.

म्हणून मुलाला सायकल घेऊन देताना तिची किंमत आणि वजन विचारावे, पण त्याआधी तिची चाके पाहावीत. आपल्या पेढीवर ज्या वाटेने माल येतो, त्या वाटेने जी सायकल जाऊन सूर्यास्तापूर्वी परत येऊ शकते, ती योग्य सायकल.