पाय अळवात धुवा

आजोळी उन्हातून खेळून आलं, की पडवीत पाऊल टाकायच्या आत आतून हाक यायची, “पाय अळवात धुवा रे!” आजी कुठल्या खोलीत आहे ते आम्हाला कळायचं नाही, आमची पावलं मात्र तिला कळायची. मग न्हाणीच्या मागे, अळवाच्या वाफ्याकडेच्या दगडावर एकेका पायावर तोल सावरत उभं राहायचं आणि तांब्याभर पाण्यात दोन्ही पाय धुवायचे. तांब्याभरच. दुसरा तांब्या मागितला तर, “पाय धुवायचेत का न्हाऊ घालायचंय त्यांना?” असं ऐकावं लागे.

त्या घरात प्रत्येक पाण्याला पत्ता होता. सकाळची चूळ केळीत, हात धुतलेलं पुदिन्यात, न्हाणीचं पाणी चर काढून आधी केळीकडे आणि तिथून पुढे अळवाकडे. तांदळाचं धुवण गाईच्या आंबोणात. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासलेली, डोकी शिकेकाईने धुतलेली; त्यामुळे कुठलंही पाणी कुठल्याही मुळाशी बिनघोर जात असे. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे ऐकून देशावरच्या माणसाला हेवा वाटतो. जांभ्याची जमीन ते पाणी धरून ठेवत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चैत्र लागला की विहिरीत सोडलेली कळशी एके दिवशी तळाच्या दगडावर ठण्णकन वाजायची. त्या आवाजानंतर घरातली मोठी माणसं थोडी हळू बोलायला लागत, असं मला आठवतं. कदाचित उन्हामुळेही असेल.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे पुण्यातली, तिसऱ्या मजल्यावरची, पश्चिमेला तोंड असलेली माझी गॅलरी.

वसंत म्हणजे भाज्या लावायचा हंगाम, असं मोबाइलवर सगळे सांगतात. बर्फ नुकताच वितळलेला असतो, माती काळी आणि ओलसर असते, रबरी बूट घातलेली एक बाई बटाटे पुरत असते. मी ते रात्री अकरा वाजता पंखा पाचवर ठेवून बघते आणि सकाळी उत्साहाने टोमॅटो लावते. पहिली दोन वर्षं हेच केलं. टोमॅटोला फुलं आली, ती देठातून गळाली. पुन्हा आली, पुन्हा गळाली. कोथिंबिरीचे धने चपलेखाली रगडून पेरले. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून ते रगडायचे. उगवले मोजून अकरा, आणि चार पानांवर असतानाच त्यांनी फुलोरा काढला. आपल्या वसंताला पंचांगात ऋतुराज म्हणत असतील. पुण्यातल्या पश्चिमेच्या कुंडीला विचारा. दुपारी तीन वाजता तिला हात लावला, तर गरम वरणाच्या पातेल्याला लावल्यासारखा मागे घ्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र आपल्या वसंताने आपल्या पद्धतीने बरोबर केलेली आहे. थंड देशांत पानं थंडीच्या तोंडावर गळतात. आपल्याकडे पानगळ आणि पालवी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून येतात. माघ-फाल्गुनात बदामाची लाल पानं, पिंपळाची पिवळी पानं रस्ताभर होतात आणि पाठोपाठ ऊन तापतं. म्हणजे माती झाकायची वेळ आली, की झाकण झाडावरून खाली पडतं. आणि आपण ते झाडून, ढीग करून, कोपऱ्यात पेटवून देतो. आमच्या सोसायटीतही हेच चालायचं. आता मी होळीच्या आधीपासून गोण्या घेऊन खाली उभी असते. वॉचमनकाकांना पहिल्या वर्षी वाटलं, मी खताचा धंदा काढलाय. कुंडीत चार बोटं जाडीचं पानांचं आच्छादन घातलं, की खालची माती संध्याकाळपर्यंत ओलसर राहते; बोट खुपसून बघावं. वरून आईची जुनी सुती साडी गॅलरीच्या गजांना बांधली. बारा ते चार या वेळेत तिच्या काठाची सावली भेंडीवर हलत असते.

पण मुख्य प्रश्न पाण्याचा. एप्रिलमध्ये टाकीच्या पाण्यावर भाजी वाढवायची म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातलं उचलून आपण पौष्टिक खाल्ल्यासारखं. म्हणून एका चैत्रात मी आठवडाभर स्वयंपाकघरात बादली ठेवली. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या-फळं धुतलेलं, कडधान्य भिजवलेलं, पाहुण्यांनी पेल्यात अर्धवट सोडलेलं. दिवसाला सरासरी नऊ लिटर निघालं. मला चार लिटरसुद्धा वाटलं नव्हतं.

शेतीचा हिशेब कशात मांडायचा, याचा विचार आपल्याकडे फार मोठ्या माणसांनी केलेला आहे. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून तो उन्हात मांडला: अंगणात पडलेल्या उन्हातलं तुमच्या पानांनी किती पकडलं ते पाहा, म्हणजे गुंठ्या-दोन गुंठ्यांतही चमत्कार दिसतील. माझी पोच तेवढी नाही. माझ्याकडे ऊन गरजेपेक्षा जास्त आहे आणि पाणी नऊ लिटर. तेव्हा बागही नऊ लिटरची. आणखी एक कुंडी घ्यावीशी वाटली, की आधी बादलीत डोकावायचं.

या हिशेबात काही पाणी बसत नाही, हे मी नुकसान सोसून शिकले. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीतून जे भरपूर पाणी बाहेर पडतं, ते मी हौसेने कुंड्यांना घातलं. महिन्याभरात मातीवर पांढरी खपली धरली आणि चवळीच्या पानांच्या कडा करपल्या. यंत्राने काढून टाकलेले क्षार मी झाडांना पाजत होते. आता ते पाणी फरशीला आणि संडासाला. भांड्यांचं पाणीही नाही; आजच्या साबणाला आजीच्या राखेचे गुण लावता येत नाहीत. आणि तांदळाचं धुवण त्याच दिवशी संपवायचं. रात्रभर राहिलं, तर सकाळी गॅलरीत आंबूस वास आणि चिलटं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी धाराशिवकडच्या. टँकरच्या रांगेत त्यांचं बालपण गेलं. बादली बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “ताई, हे बरंय. पण तुमी पालेभाजी पाच पाण्यानं का धुता? एका घमेल्यात बुडवून ठिवा, माती आपसूक खाली बसती.” तेव्हापासून बादलीत साडेसात लिटरच जमतं. बागेतल्या दोन कुंड्या मी गणपतीपर्यंत रिकाम्या ठेवल्या.

राहिलेल्या पाण्यावर जे जगतं, ते आपल्याच मातीतलं. तांदुळजा. त्याला माझी गरज आहे असं कधीच वाटत नाही. वरचा शेंडा खुडला, की चार दिवसांत बाजूने दोन फुटतात. लाल माठ. चवळी, हिची पानंही खातात हे बाजारातून भाजी आणणाऱ्याला माहीत नसतं. अंबाडी, जिला पाण्याचा ताण पडला तरी आंबटपणात कसूर नाही. आणि भेंडीची चार झाडं, त्यातून एका वेळी कधीच एका भाजीपुरती भेंडी निघत नाही. आज तीन, परवा पाच. ती परडीत साठवत बसलं, की पहिल्या तीन जून होतात. शेवटी पिठल्यात घालते.

पण माझा जीव दोडक्यात. जुन्या क्रेटमध्ये तळाला नारळाच्या शेंड्या, वर पाला आणि घरातलं खत. गजांवरून वर गेलेला वेल. आधी नुसती नरफुलं येतात, घोसाने. मग त्याच पेरावर एखादं एकटं फूल, मागे बोटभर शिरांचं इवलं दोडकं घेऊन. ही मादीफुलं पहिल्या वर्षी पिवळी पडून गळत राहिली. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, चिडले. मग एकदा ऑफिसातून लवकर आले, सहा वाजायच्या सुमाराला, आणि पाहिलं तर सगळा वेल फुललेला. तोवर मी त्याला फक्त सकाळी भेटत होते. त्याचं सख्खं भावंड घोसाळं पहाटे उमलतं. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं संध्याकाळी. त्यांची पाहुणी म्हणजे दिवेलागणीला निघणारे पतंग. आणि आमच्या गल्लीत दिवेलागणीला एवढे दिवे लागतात, की पतंग त्यांच्याकडेच जात असावेत.

तेव्हा आता ते काम माझ्याकडे आलं आहे. संध्याकाळी चहा झाला, की एक नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादीफुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचं. समोरच्या गॅलरीतल्या काकू पहिल्यांदा बघत राहिल्या, मग विचारलं, “पूजा करताय का?” मी हो म्हटलं. समजावून सांगायला लाज वाटली, हे खरं कारण.

मागच्या चैत्र-वैशाखात सात दोडके खाल्ले. सात. खर्चाचा हिशेब मी मांडलेला नाही आणि घरच्यांनाही मांडू देत नाही. मात्र त्या सातांतलं काही वाया गेलं नाही: गराची मुगाची डाळ घालून भाजी, वरच्या शिरांची तीळ घालून चटणी, देठ परत क्रेटमध्ये. शिरांची चटणी भाजीपेक्षा चांगली लागते, आणि ती करणाऱ्या बाईने पहिल्यांदा ती काटकसरीपोटी केली असणार, याची मला खात्री आहे.

आठवा दोडका बियाण्याला ठेवला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी वाण एकेक करून जमवलं, राखेत-मातीत सांभाळलं, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमचा एकच दोडका. पण तो वेलावर वाळताना बघणं म्हणजे खाण्याच्या मोहाची परीक्षा. आधी फुगला, मग निबर झाला, मग तपकिरी. पाव्हणे आले की म्हणायचे, “अहो, हा विसरलात वाटतं.” मावशी मात्र रोज जाता जाता त्याला हलवून बघायच्या. ज्येष्ठात एके दिवशी आतून खुळखुळ ऐकू आली.

बिया काळ्या निघाल्या, चोपन्न. थोड्या मावशींनी गावाकडे नेल्या, पदराच्या गाठीत बांधून. उरलेल्या राखेत आहेत. राख निरांजनाची आणि धुपाची, चूल आता कुठली. आणि फोडलेल्या दोडक्याची आतली जाळी मी मोरीत टांगून ठेवलीय. अळू अजून लावलेला नाही. साडेसात लिटरमध्ये तो बसत नाही. पण मुलगा संध्याकाळी ग्राउंडवरून मातीने भरलेले पाय घेऊन येतो, तेव्हा मी रोज त्या पायांकडे बघते आणि मनात मोजते, एक तांब्या, दोन पाय.